होळकरांचा ळ आणि आपल्या उच्चारसूच्या

स्मरणिका, घराण्यांचे इतिहास, जुन्या शाळांचे शताब्दी अंक यांच्या शेवटी अलीकडे एक पान हमखास दिसतं : ‘नावांचे उच्चार’. डाव्या बाजूला रोमन लिपीतलं नाव, उजव्या बाजूला नागरीतलं. हेतू चांगला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या आपल्या घरांतली तिसरी-चौथी पिढी इंग्रजी शाळांत शिकली. पणजोबांचं नाव ती कागदावर इंग्रजीत वाचते आणि म्हणताना अडखळते. तिला मदत व्हावी म्हणून हे पान. पण अशा बऱ्याच सूच्या वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की त्यांतल्या बहुतेक उच्चार सांगतच नाहीत. एका लिपीतलं स्पेलिंग दुसऱ्या लिपीत उतरवून देतात, आणि उतरवताना जे मधे गळालं, ते गळालं आहे हेही सांगत नाहीत.

मला या टिपणात एवढंच मांडायचं आहे की उच्चारसूची ही एक साक्ष असते, आणि साक्षीला लागतं ते सगळं तिलाही लागतं. उच्चार कोणाच्या तोंडचा, कुठला, केव्हाचा, हे सांगितलं नसेल तर सूची कितीही नीटनेटकी असो, इतिहासाच्या कामाची नाही.

आडनावात गाव असतं

सुरुवात आपल्या इंदूरपासूनच करू. ‘होळकर’ हे आडनाव नीरा नदीकाठच्या होळ या गावावरून आलं. सुभेदार मल्हाररावांचं घराणं तिथलं. हिंदीत हे आडनाव ‘होलकर’ किंवा ‘होल्कर’ असं लिहितात. हिंदीच्या रोजच्या वर्णमालेत ळ नाही, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम काय झाला बघा. ‘होल्कर’ या रूपात मूळ गाव दिसेनासं होतं. ‘होल’ नावाचं गाव नकाशावर शोधणाऱ्याला ते सहजी सापडायचं नाही. एक अक्षर बदललं आणि घराण्याचा पत्ता पुसला गेला.

मराठी आडनावांपैकी ‘कर’ लागलेली कितीतरी आडनावं अशी पत्त्याचीच आहेत. देशावरून किंवा कोकणातून निघून माळव्यात, बुंदेलखंडात, गुजरातेत स्थायिक झालेल्या घरांजवळ पुष्कळदा मूळ गावाचा दुसरा कुठलाच पुरावा उरलेला नसतो. वतनाचे कागद गेले, कुलदेवतेचं जाणं-येणं थांबलं, उरलं ते आडनाव. त्यातला ळ की ल, ण की न, ठ की थ, हाच शेवटचा धागा. म्हणून उच्चारांचा प्रश्न मला भाषाभिमानाचा वाटत नाही, पुराव्याचा वाटतो.

हंटरसाहेबांची पट्टी

रोमन लिपीत भारतीय नावं लिहिण्याची जी पद्धत आज सरकारी कामात आणि आपल्याही स्मरणिकांत चालते, तिचं मूळ विल्यम विल्सन हंटर यांच्याकडे जातं. नावांच्या लेखनाविषयीचं त्यांचं मार्गदर्शक पुस्तक 1871 साली कलकत्त्याहून निघालं. त्याआधी ज्याला जसं ऐकू आलं तसं तो लिहायचा. एकाच गावाची चार-चार स्पेलिंगं दप्तरांत असायची. हंटर यांनी त्याला शिस्त लावली. अ-आ, इ-ई यांत फरक दाखवायला दीर्घ स्वरावर खूण ठेवली. हे काम मोठं होतं, आणि गॅझेटियरांत आज आपल्याला गावं सापडतात ती त्यामुळेच.

पण ही पट्टी कशासाठी बनली होती ते विसरून चालत नाही. ती टपालासाठी, खानेसुमारीसाठी, नकाशांसाठी होती. गाव ओळखू आलं की काम झालं. त आणि ट, द आणि ड, थ आणि ठ यांना तिनं एकच रोमन अक्षर दिलं. ल आणि ळ एकच. न आणि ण एकच. पुढे व्यवहारात दीर्घ स्वरावरची खूणही गळाली. आता या पट्टीने लिहिलेलं ‘काळे’ आणि ‘काले’ सारखंच दिसतं. ‘माटे’ आणि ‘माते’ सारखंच. ‘काणे’ आणि ‘दाते’ यांचं इंग्रजी वाचणारे काय करतात ते सांगायला नको. एकाचं ‘केन’ होतं, दुसऱ्याचं ‘डेट’.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच प्रदेशातलं आहे. 1859 च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला ज्यांना फाशी दिली ते तात्या टोपे. 1889 च्या डिसेंबरमध्ये जबलपूरला ज्याला फाशी दिली तो निमाडचा टंट्या भील, ज्याला पातालपानीच्या परिसरात आजही लोक टंट्यामामा म्हणून मानतात. एक पेशव्यांच्या परिवारातला, दुसरा आदिवासी शेतकऱ्याचा मुलगा. नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण इंग्रजांच्या कागदांत दोघांचीही पहिली नावं त्याच सहा अक्षरांनी लिहिलेली सापडतात : टी, ए, एन, टी, आय, ए. तात्याला अनुस्वार चिकटला आणि टंट्याचे दोन्ही ट नाहीसे झाले. आता एखाद्या सूचीकाराने फक्त इंग्रजी पुस्तक समोर ठेवून दोघांनाही ‘तांतिया’ लिहिलं, तर त्याने नियम पाळला असं म्हणता येईल, आणि तरी दोन्ही नावं चुकली असतील.

पट्टीचा दुसरा दोष अधिक खोल आहे. अक्षरं बरोबर असूनही नाव कोणाचं निवडलं हा प्रश्न उरतोच. हंटर यांच्याच संपादनाखाली ‘रूलर्स ऑफ इंडिया’ ही चरित्रमाला निघाली. तिच्यात 1891 साली कीन यांनी महादजी शिंद्यांचं चरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘माधवराव सिंधिया’, आणि पुढे ‘ऊर्फ माधोजी’. दीर्घ स्वरांवर खुणा वगैरे सगळं यथास्थित. पण मराठी कागदांतले पाटीलबावा महादजी या शीर्षकात कुठेच नाहीत. ‘महादजी’ हे नाव महादेवावरून आलेलं, ‘माधव’ विष्णूचं. हे रूप सर्वस्वी खोटं आहे असं म्हणण्याची घाईही करू नये. उत्तरेतल्या दरबारी व्यवहारात माधोजी, माधवराव ही रूपं चालत होती. कीन यांनी ज्या तोंडून नाव घेतलं ते उत्तरेतल्या मुनशांचं तोंड होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण हे वाचकाला सांगायला हवं होतं. तसंच यशवंतराव होळकरांचं. जुन्या इंग्रजी इतिहासांत आणि खलित्यांत ते ‘जसवंतराव’ होतात. ‘य’चा ‘ज’ करणं ही हिंदुस्थानी बोलण्याची रीत, इंदूरच्या वाड्यातली नव्हे.

लिपी एक, पण वाट वाकडी

आपण म्हणतो, रोमनचं जाऊ द्या, हिंदी आणि मराठीची लिपी एकच आहे, तिथे तरी अडचण नको. प्रत्यक्षात उलट होतं. मराठी नाव नागरीतून नागरीत सरळ जात नाही, ते मधे रोमनच्या दारातून जातं. हिंदी वर्तमानपत्रांत ‘तेंडुलकर’चं ‘तेंदुलकर’ झालं ते असं. हिंदीला ड लिहिता येत नाही असं थोडंच आहे! पण समोर रोमन डी होता, आणि त्याचा द करायचा की ड हे वाचणाऱ्याला ठरवायचं होतं. ‘भातखंडे’ पुष्कळांच्या तोंडी ‘भटखंडे’ होतात तेही त्याच दारातून.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रकार वेगळा. ग्वाल्हेरच्या विद्यापीठाच्या पाटीवर ‘जीवाजी विश्वविद्यालय’ असं आहे. मराठीत आपण ‘जिवाजीराव’ लिहितो. कोणाचं बरोबर? इथे जुना मोडी कागद काढून दाखवतो म्हणणाऱ्याला मी सावध करीन. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा ठेवत नाहीत. त्यामुळे मोडी कागद या भांडणात साक्ष देऊच शकत नाही. ‘जिवाजी’ हा मराठी लेखनाचा नियम आहे, ‘जीवाजी’ हा हिंदीचा. सूचीत दोन्ही लिहावीत आणि कुठलं कुठे चालतं ते सांगावं. एकाला खोडून दुसरं लिहिण्याची गरज नाही.

पण एक गोष्ट अशी आहे की जी नागरीत लिहूनही दिसत नाही, आणि ती बहुतेक सूच्यांत पूर्ण सुटते. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ मधला च वेगळा आणि ‘चाक’ मधला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, हे लिहायला एक, म्हणायला दोन. पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला हे सांगावं लागत नाही, म्हणून लिपीत खूण नसली तरी त्याचं अडत नाही. आपल्याकडे अडतं. हिंदीत हा दंत्य च नाहीच. त्यामुळे ‘चव्हाण’ नागरीत अगदी शुद्ध लिहिलं तरी इंदूरचा मुलगा तो ‘चार’मधल्या च ने वाचतो. पुढची पायरी म्हणजे ‘चौहान’. मग घराणं सरळ राजपुतान्यात जाऊन पोहोचतं, आणि पन्नास वर्षांनी कोणीतरी त्यावर वंशावळ बेतून देतो.

काही जणांनी यावर नुक्ता सुचवला आहे : च़, ज़. अक्षराखाली टिंब दिलं की दंत्य समजायचं. कल्पना सोपी आहे, पण आपल्या वाचकांसाठी धोक्याची. हिंदी वाचणाऱ्याला ज़ म्हणजे ‘ज़मीन’मधला उच्चार वाटतो, तो मराठी ‘जाड’मधल्या ज सारखा नेमका नाही. आणि च़ त्याने कधी पाहिलेलाच नसतो, तो छपाईची चूक समजतो.

ज्याच्या शेजारी जी लिपी

आमच्या माळव्यात हिंदी आडवी येते. इतर केंद्रांत दुसऱ्या लिप्या आहेत, आणि प्रत्येकीचं देणं-घेणं वेगळं आहे. हे ध्यानात न घेता एकच तक्ता सगळीकडे लावणं हा आपल्या सूच्यांचा आणखी एक दोष.

हैदराबादेचं बघा. निजामी राज्यात, म्हणजे 1948 पर्यंत, दप्तराची भाषा उर्दू. मराठवाड्यातल्या आणि हैदराबाद शहरातल्या मराठी घरांची नावं त्या लिपीत गेली. उर्दूत ळ नाही, ण नाही, आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ट मात्र आहे, म्हणजे इंग्रजीपेक्षा तिथे एका बाबतीत बरं. केशवराव कोरटकरांचं आडनाव उर्दूत लिहिलं तर ट शाबूत राहतो, पण दुसरं अक्षर ‘वाव’ असतं, आणि वाव म्हणजे ओ, ऊ, औ यांपैकी काहीही. माहीत असणारा कोरटकर वाचील, माहीत नसणारा कूरटकर. हैदराबादची सूची करणाऱ्याला म्हणून ळ-ण बरोबर स्वरांचीही वेगळी चौकशी करावी लागेल.

बडोद्याला परिस्थिती उलट. गुजरातीत ळ आहे, ण आहे. काळे तिथे काळेच राहतात. पण ‘ज्ञ’ आला की गंमत होते. यज्ञेश नावाचा मुलगा पुण्यात द-न-य ने म्हटला जातो, इंदुरात ‘यग्येश’ होतो आणि बडोद्यात ‘यग्नेश’. अक्षर तिन्हीकडे तेच. रोमनमध्ये मात्र तीन वेगळी नावं दिसतात, आणि उद्या कोणी यादी करील तर तीन माणसं मोजील.

बेळगावकडे कन्नड. तिच्यात ळ आणि ण दोन्ही ठणठणीत. पण कन्नडात शेवटचा अ आपल्यासारखा गिळत नाहीत. ‘पाटील’मधल्या ल ला मोडकी खूण दिली नाही तर तो स्वरासकट वाचला जातो. शिवाय कन्नडात ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांच्या आडनावात कन्नड लेखनात पहिला ए दीर्घ आणि शेवटचा ऱ्हस्व असतो. मराठीत दोन्ही एकच. म्हणजे इथे कमी पडते ती आपली लिपी, कन्नड नव्हे. हे कबूल करायला काही हरकत नसावी.

आणि गोव्याचं उदाहरण तर मला सगळ्यांत शिकवणारं वाटतं. पोर्तुगीज स्पेलिंग आपल्याला विचित्र दिसतं : कामतांचं ‘कामोतिम’, परबांचं ‘पोरोबो’. पण ते वाचण्याचे नियम माहीत असले तर त्यात पुष्कळ जपलेलं सापडतं. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर (1894–1969) आपलं पहिलं नाव रोमनमध्ये लिहीत त्यात ‘रंग’च्या जागी ‘रोंग’ आहे. कोकणीतला अ किंचित ओकाराकडे झुकतो, तो तिथे उमटला आहे. आडनावात एस दोनदा आहे, कारण पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला एकटा एस मऊ उच्चारला जातो. आणि ‘ले’ नंतर एक एन आहे. तो कुठून आला? कोकणीत हे आडनाव अनुस्वाराने म्हणतात. गावाचं पोर्तुगीज स्पेलिंगही एम ने संपतं. तो एम म्हणजे ‘म’ नव्हे, नाकातला स्वर. मराठीत ‘पिसुर्लेकर’ लिहिताना आपण जो नाद टाकला, तो पोर्तुगीज लेखनाने धरून ठेवला. म्हणून परकी स्पेलिंगं सरसकट ‘अपभ्रंश’ म्हणून बाजूला टाकणाऱ्या सूच्या मला घाईच्या वाटतात. प्रत्येक स्पेलिंग कोणीतरी काहीतरी ऐकून लिहिलेलं असतं.

आपणही कमी नाही

आता जरा आपल्याकडे वळतो. दुसऱ्यांनी आपली नावं मोडली याची तक्रार आपण करतो, पण आपल्या लेखांत गुलाम कादिर, गाझीउद्दीन, नजीबखान यांची नावं कशी येतात? गुलाम मधला घशातला ग, कादिरचा खोलवरचा क, नजीबखानचा खरखरीत ख, यांचा मागमूस नसतो. मराठी लिपीत नेहमी नुक्ता वापरत नाहीत हे खरं. पण उच्चारसूचीतही या नावांना जागा नसते, याला कारण नाही. अठराव्या शतकातल्या उत्तरेच्या राजकारणावर लेख लिहायचा आणि सूचीत फक्त मराठी नावं घ्यायची, म्हणजे अर्धंच काम.

दुसरी खोड अशी की आपल्याला नाव ‘शुद्ध’ करण्याचा मोह होतो. अहिल्याबाईंचं बघा. संस्कृतात ‘अहल्या’ आहे हे खरंच. म्हणून काही लेखक सगळीकडे ‘अहल्याबाई’ करतात आणि तळटीपेत ‘अहिल्या हा अशुद्ध प्रयोग’ असं सांगतात. पण माळव्यात, महेश्वरात, इंदूरच्या विद्यापीठाच्या नावात आणि आता अहिल्यानगर जिल्ह्याच्या नावातही लोकांच्या तोंडचं ‘अहिल्या’च आहे. संस्कृत व्युत्पत्ती ही एक माहिती आहे. तिने लोकांचा उच्चार रद्द होत नाही.

याहून नाजूक प्रश्न जिवंत माणसांचा. माळव्यात अशी घरं आहेत की जी तीन पिढ्या हिंदीत ‘काले’ अशी सही करतात आणि तसंच म्हणतात. त्यांना मंडळाच्या अंकात ‘काळे’ छापावं का? माझं उत्तर : नाही, त्यांना विचारल्याशिवाय नाही. नाव ज्याचं त्याचं. पूर्वज ‘काळे’ होते हे कागदावरून सिद्ध होत असेल तर तसं लिहावं, पण आजच्या माणसाचं नाव त्याच्या तोंडून घ्यावं. ग्वाल्हेरच्या राजघराण्याचंही तेच. राणोजी आणि महादजी यांच्यावर मराठीत लिहिताना ‘शिंदे’ हेच योग्य, कण्हेरखेडचं ते आडनाव. पण आजचे वंशज सार्वजनिक जीवनात ‘सिंधिया’ असं नाव लावतात, तर त्यांच्याविषयी लिहिताना तेच लिहावं. दोन्ही रूपांना सूचीत जागा द्यावी आणि एकाकडून दुसऱ्याकडे बोट दाखवावं.

‘माधवराव’ या एकाच नावाने हे सगळं एकत्र दाखवता येतं. पुण्यात ते ‘माधवराव’, व वर थांबून लगेच राव. ग्वाल्हेरीकडे इंग्रजी कागदांत ते ‘माधो राव’. आणि तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव, जे 1873 ते 1875 इंदूरचे आणि नंतर 1882 पर्यंत बडोद्याचे दिवाण होते, त्यांच्या रोमन लेखनात ‘माधव’चा शेवटचा अ पूर्ण लिहिलेला असतो, दक्षिणेच्या रीतीने. पुढचा ‘टी’ तंजावरचा. आपल्या लेखांत हे गृहस्थ ‘टी. माधवराव’ म्हणून येतात, आणि तो टी वडिलांच्या नावाचा असावा असं नव्या वाचकाला वाटतं. तीन माधवराव, तीन प्रदेश, तीन उच्चार. यांतलं ‘खरं’ कुठलं असं विचारणंच चुकीचं आहे. कुठलं कोणाचं, हे विचारावं.

एक बरं उदाहरण

सगळी टीकाच करायची असं नाही. 2018 च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढला की सरकारी कागदांत हिंदीत बाबासाहेबांचं नाव ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असं लिहावं. तोवर तिथे ‘अंबेडकर’ रूढ होतं. तत्कालीन राज्यपाल राम नाईक यांनी हा विषय लावून धरला होता, आणि आधार दिला होता तो संविधानाच्या हिंदी प्रतीवरच्या बाबासाहेबांच्या सहीचा. वडिलांचं नाव जोडण्यावरून तेव्हा राजकीय वाद झाला, त्याच्या हेतूंविषयी ज्याचं त्याचं मत असो. पण नुसत्या उच्चाराच्या अंगाने पाहिलं तर पुरावा नेमका कसा असावा याचा हा नमुना आहे. त्या माणसाची स्वतःच्या हातची, नागरीतली सही. ‘अ’चा ‘आ’ केल्याने आडनाव पुन्हा आंबडवे या गावाजवळ आलं. ज्यांचा जन्म 1891 साली आमच्या शेजारच्या महूला झाला, त्यांच्या नावासाठी एवढी चौकशी झाली. आपल्या अंकांतल्या साध्या माणसांच्या नावांसाठी तिचा दहावा हिस्सा तरी व्हावा.

मग सूची कशी असावी?

माझी सूचना साधी आहे. दोन रकाने पुरत नाहीत, पाच करावेत. पहिल्यात मराठी लेखन. दुसऱ्यात शेजारच्या लिपीत किंवा भाषेत रूढ असलेली रूपं, एकही न वगळता. तिसऱ्यात उच्चार, आणि तो खुणांनी न देता ओळखीच्या शब्दाने. चौथ्यात साक्ष : सही, मोडी कागद, शिलालेख, की घरातल्या कोणाचं तोंड. पाचव्यात काळ आणि ठिकाण. काही नोंदी अशा होतील :

होळकर. हिंदीत होलकर, होल्कर. ‘बाळ’ मधला ळ. नीरेकाठच्या होळ गावावरून.

चव्हाण. हिंदीत कुठे कुठे चौहान. ‘चाक’ मधला च, ‘चार’ मधला नव्हे.

यशवंतराव होळकर. इंग्रजी-फारसी कागदांत जसवंतराव. दोन्ही शोधावीत.

टंट्या भील. इंग्रजी स्पेलिंग तात्या टोप्यांसारखंच. दोन्ही ट, मधे अनुस्वार.

बेंद्रे. कन्नडात पहिला ए दीर्घ, शेवटचा ऱ्हस्व.

ओळखीच्या शब्दाची युक्ती सगळीकडे चालेल असं मात्र नाही. ज्या घरात आता ‘चाक’ही हिंदीसारखंच म्हणतात, तिथे ‘चाकातला च’ सांगून काही कळणार नाही. तिथे एकच उपाय आहे, आवाज मुद्रित करून ठेवणं. प्रत्येकाच्या खिशात आता तेवढं यंत्र आहे. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला, शक्यतो आजींना, आपलं, माहेरचं आणि सासरचं नाव म्हणायला सांगावं. आजी म्हणायचं कारण असं की आपल्या सूच्यांत पुरुषांचीच नावं भरलेली असतात. लग्नात नाव बदललेल्या बाईचं माहेरचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, ते फक्त तिच्या तोंडी असतं. तुळसाबाई होळकरांसारखी राजकारणात आलेली बाईसुद्धा हिंदी लेखनात ‘तुलसा’ होऊन जाते, आणि अंगणातली तुळस त्या नावातून निघून जाते. मग घरातल्या बायकांचं काय सांगावं!

हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. कागद पेटीत पन्नास वर्षं आणखी राहील, कसर लागली तरी निम्मा वाचता येईल. उच्चार माणसाबरोबर जातो. माळव्यात दंत्य च सहज म्हणणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. तेव्हा येत्या अंकासाठी लेख पाठवणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे की लेखाबरोबर त्यातल्या नावांची पाच रकान्यांची यादी जोडावी. ज्या रकान्यात काही मिळालं नाही तो रिकामा ठेवावा, अंदाजाने भरू नये. रिकामी जागा पाहून कोणी वाचक कळवील. भरलेली जागा मात्र कोणी पुन्हा तपासत नाही.